आक्काताईंची बारा बोअर

ठाण्यातल्या शिवांजली मॅडमनी बंदुकीच्या नळीच्या तोंडाला करंगळी लावून बघितली. करंगळी आत जाईना. मग त्यांनी टेबलावरची पेन्सिल घातली. ती गेली आणि आत खुळखुळली.

"काकू, ही बारा बोअर नाही."

"मग कितीची हाय?" आक्काताईंनी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं. परवाना तुमचा आहे."

परवाना आक्काताईंचाच होता, पण ही गोष्ट गावात कुणी मनावर घेतली नव्हती. खुद्द आक्काताईंनीही नाही. वाळवा तालुक्यातल्या, नदीकाठच्या त्या गावात पाटलांचं घर जैन. घरात कांदा-बटाटा येत नाही, गाळल्याशिवाय पाणी तोंडाला लागत नाही, दिवस मावळायच्या आत ताटं उचलली जातात. अशा घरात दाराच्या मागं एक बंदूक उभी होती, कारण नवऱ्याच्या आजोबांना कधीकाळी पीक राखायला म्हणून परवाना मिळाला होता. सासरे गेले तेव्हा तो आक्काताईंच्या नवऱ्याच्या, आदगोंडांच्या नावावर व्हायचा. पण ऊसदराच्या आंदोलनात टायर जाळल्याची केस तेव्हा त्यांच्यावर चालू होती, म्हणून सुनेचं नाव लागलं. "नुसतं नाव तुझं," आदगोंडा म्हणाले होते. जमिनीच्या एका गुंठ्याला आक्काताईंचं नुसतं नावही लागलं नव्हतं. लागलं ते बंदुकीला.

तेव्हापासून निवडणूक लागली की बंदूक गोधडीत गुंडाळून ठाण्यात नेऊन द्यायची आणि निकाल लागले की परत आणायची, हे काम आक्काताईंचं. आधीचे हवालदार ती कपाटात उभी करून पावती द्यायचे आणि "वहिनी, पाटलांवर झाडू नका हां," असा एक विनोद करायचे. दर निवडणुकीला तोच. आक्काताईही दर निवडणुकीला तेवढंच हसायच्या. यंदा जिल्हा परिषदेची निवडणूक लागली, हवालदार बदलले आणि टेबलावर संगणक आला. संगणकाला विनोद चालत नव्हता. त्याला फोटो, नंबर आणि नळीचं माप पाहिजे होतं.

"बारा बोअरमध्ये माझा अंगठा जातो, काकू," शिवांजली मॅडम म्हणाल्या.

"अंगठा बारीक असंल तुमचा."

"परवान्यावर बारा बोअर लिहिलीय. ती बंदूक कुठाय?"

"हीच की."

"ही ती नाही."

"मग ती न्हाईच."

"म्हणजे ती हरवली. हरवल्याची तक्रार दिली नाही, हा एक गुन्हा. आणि ही तुमच्याकडं निघाली, हिला परवाना नाही, हा दुसरा."

"एका बंदुकीचं दोन गुन्हं?"

"दोन बंदुकांचे, काकू."

"आवं, पर दुसरी हाय कुठं?"

"तेच मी विचारतीय."

आक्काताईंनी डोक्यावरचा पदर काढून पुन्हा नीट घेतला. समोरची पोरगी उद्धट नव्हती, हाच त्रास होता. उद्धट असती तर भांडता आलं असतं.

"नंबर बघू," म्हणत शिवांजली मॅडमनी बंदूक उलटी केली. "ह्याला चांदीचा रंग कुणी दिला?"

"खंडेनवमीला देत्यात."

"बंदुकीला?"

"सगळ्यालाच. ट्रॅक्टरच्या चाकाला, कुळवाला, उसाच्या कोयत्याच्या मुठीला. रंग उरला की हिला बी एक हात. चांगली दिसती पूजेला."

शिवांजली मॅडमनी नखानं खरवडून बघितलं. चांदीच्या खाली हिरवा निघाला, हिरव्याच्या खाली परत चांदी. पाटलांच्या किती नवम्या त्या नळीवर बसल्या होत्या कोण जाणे. नंबर त्यांच्या तळाशी कुठंतरी होता.

"सोमवारी साहेब आहेत. तोवर सांगलीच्या परवानाधारक दुकानदाराकडनं लेखी आणा. बंदूक कसली, माप काय, नंबर काय. परवान्यावरच्या नंबराशी जुळला तर बघू. नाहीतर केस तुमच्या नावावर होणार."

"माझ्या?"

"परवाना तुमचा आहे."

"तवर ही ऱ्हाऊंद्या तुमच्यापाशी."

"कशाच्या नावानं पावती फाडू? न्या घरी. फक्त आचारसंहितेत हत्यार घेऊन फिरायचं नाही."

"मग न्हेऊ कशी?"

शिवांजली मॅडमनी जरा विचार केला. "झाकून न्या," त्या म्हणाल्या.

घरी आदगोंडा सोप्यात कॉटवर बसले होते आणि खुर्चीत केरबा सुभेदार. केरबा मूळचे साताऱ्याकडच्या माण तालुक्यातले. फौजेतून सुटल्यावर सासुरवाडीचा ऊस त्यांना मानवला आणि ते इथंच राहिले. दोघंही चहाची वाट बघत होते. घरातली बाई ठाण्यात गेलीय म्हणून चहा अडलाय, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

आक्काताईंनी गोधडी कॉटवर टाकली. "घ्या. माझ्यावर केस व्हायलीय."

"कशाची?"

"तुमच्या आज्जाच्या बंदुकीची."

त्यांनी सगळं सांगितलं. आदगोंडांनी गोधडी सोडली, नळीवरून हात फिरवला आणि खरवडलेला भाग बघून पहिली चौकशी केली ती रंगाची. "हे कुणी उचकाटलं? आवंदाचाच हात हाय ह्यो."

"आवं, मी आत जायची येळ आलीया आन तुमी रंगाचं काय बोलताय?"

"आत कोण घालतंय? पाटलाची बंदूक हाय. आज्जानं हिच्यावर बिबट्या घालिवलाय. एक गोळी न झाडता! नुसती रोखली आन बिबट्या माघारी फिरला. जैनाच्या घरातली बंदूक, झाडायची न्हाई पर धाक ठिवायची." ही गोष्ट आक्काताईंनी लग्नाच्या हळदीपासून ऐकली होती. "आन आता उसात खरा बिबट्या फिरतोय तवा म्हणं जमा करा!"

केरबांनी बंदूक उचलली, एक डोळा मिटला आणि चुलीच्या दिशेनं नेम धरला. "पॉइंट टू टू. शंभर टक्के."

"कशावरनं?"

"वहिनी, मी फौजेत व्हतो."

"तुमी लंगरात व्हता, भावजी. रोट्या मोजायला."

"लंगरातबी बंदूक देत्यात!" केरबा म्हणाले. "बरं, काडतूस दाखवा. काडतूस बघितल्याबिगर बंदूक नीट वळकत न्हाई."

"आमच्यात काडतूस कवा आलंच न्हाई," आदगोंडा छाती काढून म्हणाले. "धर्म हाय आमचा."

आक्काताई आत गेल्या. दुधाच्या पातेल्यावर त्यांच्या सासूनं, आत्तींनी, विणलेली दोऱ्याची झाकणी होती. माशी, चिलट पडून जीव जाऊ नये म्हणून. वाऱ्यानं उडू नये म्हणून झाकणीच्या चार टोकांना आत्तींनी बोटाच्या पेराएवढ्या चार तांब्याच्या नळ्या बांधल्या होत्या. झाकणी उचलली की त्या पातेल्याला लागून टणटण वाजत. आत्ती जाऊन बरीच वर्षं झाली, पण तो आवाज झाला की आक्काताईंना अजून वाटे, त्या मागं उभ्या आहेत आणि दूध किती घेतलं ते बघतायत. त्यांनी दूध घेतलं, झाकणी परत टाकली आणि चहा केला. तिघांचा. केस झाली तरी चहा होतोच.

सांगलीला केरबांच्या गाडीतून जायचं ठरलं. आदगोंडा आले नाहीत. त्यांचा गुडघा धरला होता. आक्काताईंच्या अनुभवानं त्यांचा गुडघा लग्नात, जेवणावळीत आणि सोसायटीच्या सभेत धरत नसे. सरकारी कामातच धरे. बंदूक गोधडीत, गोधडी मागच्या सीटवर, त्यावर कडीपत्त्याच्या दोन जुड्या, असं करून ते निघाले. वाटेत नाकाबंदी लागली. केरबांनी "एक्स-सर्विसमन" असं दोनदा ओरडून सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. पोलिसानं कडीपत्त्याकडं बघितलं आणि हात हलवला. आक्काताईंच्या पाठीला मात्र घाम फुटला तो सांगलीपर्यंत सुकला नाही.

आप्पासो चौगुल्यांचं दुकान बंदुकीचं वाटतच नव्हतं. पुढं माकडं हाकायच्या हवेच्या बंदुका, मागं रिकाम्या खुर्च्या आणि निवडणुकीमुळं लोकांनी आणून टाकलेल्या बंदुकांचा ढीग. आप्पासो वैतागलेले होते. पण गोधडी सोडल्यावर ते थांबले.

"हिला नवरी कुणी केली?"

"खंडेनवमीला देत्यात रंग," आक्काताई म्हणाल्या. एकच उत्तर दुसऱ्यांदा देताना ते त्यांनाच खुळचट वाटलं.

"पॉइंट टू टू आहे ना?" केरबांनी विचारलं.

"तुम्ही बसा," आप्पासो म्हणाले.

त्यांनी चिंधी थिनरमध्ये बुडवून नळीचं बूड पुसायला घेतलं. चांदी गेली, हिरवा गेला, परत चांदी, मग एक तांबडा. आक्काताईंना आठवलं, तो तांबडा त्यांच्या लग्नाच्या वर्षीचा, बैलांच्या शिंगांना दिला होता तोच. मग काळं लोखंड निघालं. त्यावर अंड्यासारख्या गोलात तीन अक्षरं आणि वर चांदणी. बाजूला आकडा.

"बेल्जियमची. लिएज गावचा शिक्का आहे हा, नळी तपासून मारलेला," आप्पासो म्हणाले. "नंबर वाचा परवान्यावरचा."

आक्काताईंनी चष्मा लावून वाचला. आप्पासोंनी लोखंडावरचा वाचला. मग परत एकदा. जुळला.

"म्हंजे ही तीच!" आक्काताईंनी श्वास सोडला. "दुसरी न्हाईच!"

"दुसरी नाही. पण बारा बोअर पण नाही." आप्पासोंनी मागची झडप वर उचलली, घोडा मागं ओढून हळूच सोडला. "बघा, घोड्याचं टोक मधोमध बसत नाही, कडेला बसतं. बारा बोअरच्या काडतुसाची टोपी बुडाच्या मध्ये असते, ठोका मध्ये लागतो. हिच्या काडतुसाला टोपीच नसते. पेट घ्यायचा मसाला बुडाच्या काठात भरलेला. काठावर ठोका, की उडालं. रिमफायर म्हणतात. पॉइंट टू टू पण ह्याच जातीची, पण ही नळी नऊ मिलिमीटर आहे. तिकडं साहेब लोक बागेत वापरायचे."

"कशाला?"

"चिमण्या. उंदीर. फार तर पारवा."

"बिबट्या?"

"बिबट्याला वाटेल कुणी खडा मारला."

केरबा खुर्चीत खोकले. आप्पासोंनी खण ओढून एक जुनी तांब्याची नळी काढली. पेराएवढी, बुडाला बाहेर आलेला गोल काठ. "असं काडतूस लागतं. हे रिकामं आहे, नमुना म्हणून ठेवलंय. आता कुठं मिळत नाही. तुमच्या घरात असं कधी काही बघितलंय?"

आक्काताईंनी नळी हातात घेतली. काठाला दोरा कसा बांधायचा ते त्यांच्या बोटांना पाठ होतं. काठ होता म्हणून तर दोरा निसटत नव्हता.

"हे आमच्या दुधावर हाय," त्या म्हणाल्या.

"कशावर?"

"दुधाच्या झाकणीला. चार टोकांना चार."

आप्पासोंनी चिंधी खाली ठेवली. "सगळी पोकळ?"

"तीन पोकळ. एकाच्या तोंडाशी शिशाचा मणी हाय."

"मणी नाही तो. गोळी आहे. झाकणी धुता?"

"धुती की. दर आठवड्याला."

"कशी?"

"दगडावर. धोपाटण्यानं."

केरबांनी आपली खुर्ची जरा मागं ओढली.

"इतकी वर्षं पाण्यात भिजलं म्हणजे निकामी झालं असेल," आप्पासो म्हणाले. "पण असेल म्हणून ठोकू नका. कातरीनं दोरा कापा आणि ठाण्यात द्या."

आक्काताईंनी तिथूनच फोन लावला. "दुधापासनं लांब व्हा."

"का? आटलं?"

"लांब व्हा म्हणती न्हवं! कुठं हायसा?"

"चुलीम्होरं. चहा ठिवलाय, तू न्हाईस म्हणून." लग्नानंतर पहिल्यांदा आदगोंडांनी स्वतः चहा ठेवला होता, तोही आजच.

"चूल इझवा. झाकणीला हात लावू नगा. सोप्यात जाऊन बसा. आन एक सांगा, परवाना माझ्या नावावर केला तवा बारा बोअर कुणी लिवलं?"

पलीकडं कॉट करकरली.

"ऐकताय न्हवं?"

"कारकुनानं इचारलं, कितीची? म्हटलं बाराची."

"का?"

"आगं, तालुक्यातल्या सगळ्या पाटलांच्या बाराच्या! तिथं चौघं बसलेलं. मी काय सांगू, म्हाईत न्हाई? आधीच बायकूच्या नावावर चाललीती."

आक्काताईंनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडं बघितलं आणि बंद केला. आप्पासोंनी दाखला लिहायला घेतला होता. लिहिताना त्यांनी वर बघितलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

घरी आल्यावर आक्काताईंनी झाकणी मांडीवर घेतली आणि चारी दोरे कापले. मणीवाली नळी कापसात ठेवली. उरलेल्या तीन उजेडात धरल्या. तिन्हीच्या काठावर एकेक खाच होती, घोड्याच्या टोकाची. आदगोंडा मान वाकवून बघत होते.

"पोकळ म्हंजे झाडलेली," आक्काताई म्हणाल्या. "तीन बार झालेत आपल्या घरात."

"आज्जानं बिबट्यावर..." आदगोंडांनी सुरुवात केली आणि थांबले. एक गोळी न झाडता, हेच तर त्या गोष्टीचं शेपूट होतं. शिवाय बिबट्याची जागा आता चिमणीनं घेतली होती, किंवा पारव्यानं. तीन जीव, नाही तर तीन चुकलेले नेम. कुणी झाडले, आजोबांनी की सासऱ्यांनी, कशावर, ते कोण सांगणार? आत्तींना माहीत असणार. टाकून द्यावं तर शेजारी बघतील, पुरावं तर कुणी उकरील. म्हणून दुधावर बांधलं, म्हणजे कीटक तरी वाचतील. आयुष्यभर त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि सुनेला ते धोपटायला दिलं.

"कुणाला बोलू नगंस," आदगोंडा हळू म्हणाले.

"केरबा भावजी संगट व्हते."

आदगोंडांनी डोळे मिटून घेतले.

सोमवारी शिवांजली मॅडमनी दाखला वाचला, नंबर ताडून बघितला, कापसातली गोळी आणि तिन्ही पुंगळ्या पाकिटात घातल्या. साहेबांनी मान डोलावली. दोन बंदुकांची एक झाली. आक्काताईंना वाटलं, सुटलो. तेवढ्यात संगणक अडला.

"नऊ मिलिमीटर रिमफायर असं ह्यात नाहीच," शिवांजली मॅडम वैतागून म्हणाल्या. "'इतर' टाकते. आता दुरुस्तीचा अर्ज सांगलीला जाईल, प्रतिज्ञापत्र लागेल आणि बारा बोअर ही खोटी माहिती कुणी दिली त्याचा जबाब. तुम्ही दिली होती?"

आक्काताईंनी एकदा दाराकडं बघितलं. बाहेर गाडीत आदगोंडा बसले होते. आज गुडघा बरा होता, बंदुकीची रीतसर पावती मिळेल म्हणून. खरं बोललं तर टायरच्या केसवाल्यावर अजून एक. खोटं बोललं तर स्वतःवर.

"बंदूकच देऊन टाकली तर?"

"कायमची?"

"व्हय. परवान्यासकट."

"मग दुरुस्ती कशाची करायची? परवाना रद्द, बंदूक सरकारजमा, फाइल बंद." शिवांजली मॅडम थोड्या थांबल्या. "घरी विचारून या पाहिजे तर. जुनी वस्तू आहे."

"परवाना कुणाचा हाय?" आक्काताईंनी विचारलं.

शिवांजली मॅडम पहिल्यांदा हसल्या आणि त्यांनी कागद पुढं सरकवला. आक्काताईंनी सही केली, पूर्ण नावाची, नवऱ्याच्या नावासकट. तेवढं त्यांचं नाव चाललं.

वाटभर आदगोंडांनी रिकामी गोधडी मांडीवर घेतली होती. घरात शिरल्यावर दारामागच्या मोकळ्या कोपऱ्याकडं बघून ते म्हणाले, "आता खंडेनवमीला काय पुजायचं?"

"कोयता हाय. कुळव हाय. माझी कातर हाय."

"आन बिबट्या आला तर?"

"चिमणी आली तर इचारा."

आत पंख्याच्या वाऱ्यानं झाकणी पातेल्यावरून उडून गेली होती. टोकांना आता वजन नव्हतं आणि पातेल्याच्या काठावर एक माशी बसली होती. आक्काताईंनी झाकणी परत टाकली. ती परत उडाली. त्यांनी तिसऱ्यांदा टाकली आणि सोप्याकडं तोंड करून हाक मारली.

"आवं, इकडं या. हिची टोकं धरून बसा, मी मणी शोधून दोरा ववीपतोर."

आदगोंडा आले. गुडघा धरत धरत, पण आले. पातेल्याजवळ पाटावर बसून दोन्ही हातांनी झाकणी धरली आणि माशीवर नजर रोखली.

"मारायची न्हाई," आक्काताई म्हणाल्या. "नुसता धाक ठिवा."